स्टारमधून स्कायटीममध्ये: एसएएसच्या लांब पल्ल्याच्या नकाशाची पार्श्वभूमी

३१ ऑगस्ट २०२४ ला स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स, म्हणजे एसएएस, स्टार अलायन्स या विमानकंपन्यांच्या आघाडीतून बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबरला, स्कायटीम या प्रतिस्पर्धी आघाडीत दाखल झाली. १९९७ मध्ये ज्या पाच कंपन्यांनी स्टार स्थापन केली त्यांत एसएएस होती. संस्थापकच घर सोडून समोरच्याकडे गेल्यामुळे बातम्यांचा भर लाउंज, पॉइंट आणि कार्डांवर राहिला. खरा बदल वेळापत्रकात आहे. कोपनहेगनहून निघणारे विमान अमेरिकेत कोणत्या शहरात उतरणार हे गेल्या चार दशकांत एसएएसने एकटीने ठरवलेले नाही. तिने दरवेळी अमेरिकेतला जोडीदार निवडला आणि शहरे त्याच्या मागोमाग आली.

याचे मूळ लोकसंख्येत आहे. डेन्मार्क सुमारे ६० लाखांचा, नॉर्वे ५५ लाखांचा, स्वीडन एक कोटीच्या थोडा वर. तिन्ही मिळून महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याइतकीही वस्ती नाही, आणि तीही तीन राजधान्यांत विभागलेली. एसएएसच्या एअरबस ए३५० मध्ये ३०० जागा आहेत. रोज एक विमान कोपनहेगनहून शिकागोला सोडायचे, तर जाताना ३०० आणि येताना ३०० जागा वर्षभर भराव्या लागतात. निव्वळ कोपनहेगन ते शिकागो एवढाच प्रवास करणारे तेवढे लोक नसतात, जानेवारी-फेब्रुवारीत तर नाहीतच. उरलेल्या जागा दोन टोकांकडून भरतात: या बाजूला आल्बोर्ग, बर्गेन, योटेबोरीहून येणारे आणि त्या बाजूला शिकागोहून पुढे ओमाहा, मिल्वॉकी, मिनियापोलिसला जाणारे. पहिली बाजू एसएएसच्या स्वतःच्या छोट्या विमानांच्या हातात असते, दुसरी पूर्णपणे अमेरिकी जोडीदाराच्या.

तिकिटाच्या पैशाचा हिशेबही समजून घ्यायला हवा. एका तिकिटावर दोन कंपन्या असल्या की भाडे वाटले जाते. साध्या इंटरलाइन व्यवहारात ही वाटणी अंतराला भार देऊन काढलेल्या प्रोरेट सूत्राने होते आणि त्यात छोट्या पल्ल्याला किलोमीटरमागे जास्त वाटा मिळतो. म्हणून कंपन्या आपसात खास प्रोरेट करार करतात: अमुक टप्प्यासाठी, अमुक भाडेवर्गात, एवढीच ठरीव रक्कम. जोडीदार मित्र असेल तर ती रक्कम कमी असते आणि स्वस्त भाडेवर्गांतही जागा खुल्या ठेवल्या जातात. तो परका असेल तर ओमाहाचा टप्पाच इतका महाग पडतो की अटलांटिक ओलांडणाऱ्या कंपनीच्या हाती भाड्याचा चोथा उरतो. लांब पल्ल्याच्या मार्गाचा नफा-तोटा पुष्कळदा या न दिसणाऱ्या रकमांवर ठरतो.

ही गरज आघाड्यांच्या आधीची आहे. एसएएस स्वतःच एक आघाडी म्हणून जन्माला आली. १ ऑगस्ट १९४६ ला डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनच्या कंपन्यांनी अटलांटिकपुरती भागीदारी केली, कारण एकट्याने न्यूयॉर्क गाठणे कोणालाच परवडणारे नव्हते. वाटे सातात पाडले: स्वीडनचे तीन, डेन्मार्क आणि नॉर्वेचे दोन-दोन. १७ सप्टेंबर १९४६ ला डीसी-४ विमानाने पहिले उड्डाण न्यूयॉर्ककडे झाले. म्हणजे लांब पल्ल्याचा मार्ग आधी ठरला, पूर्ण विलीनीकरण १९५१ मध्ये झाले.

पुढे काही वर्षे भूगोलाने साथ दिली. १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीनलंड आणि विनिपेगमार्गे कोपनहेगन-लॉस एंजेलिस, तर १९५७ च्या फेब्रुवारीत अँकरेजमार्गे कोपनहेगन-टोकियो असे ध्रुवाजवळून जाणारे मार्ग एसएएसने सुरू केले. आशिया खंडाला दक्षिणेकडून वळसा घालणारा टोकियोचा प्रवास सुमारे ५२ तासांवरून ३२ तासांवर आला. बँकॉकमध्ये तिने थाई एअरवेज इंटरनॅशनलच्या स्थापनेत ३० टक्के भांडवल घातले आणि १९६० पासून त्या कंपनीची विमाने उडू लागली. १९७७ मध्ये तिचा उरलेला हिस्सा थायलंडच्या सरकारकडे गेला, पण बँकॉकचे नाते टिकले. १९७० च्या सुमारास जंबो आणि डीसी-१० विमाने आली तेव्हा नेदरलँड्सच्या केएलएम, स्वित्झर्लंडच्या स्विसएअर आणि फ्रान्सच्या यूटीएबरोबर देखभालीची कामे वाटून घेतली गेली. इंजिन एकाकडे, सांगाडा दुसऱ्याकडे. ही तांत्रिक सोयरीक होती. प्रवाशांची देवाणघेवाण तिच्यात नव्हती.

१९८० च्या दशकात अमेरिकेतले नियमन उठले आणि युरोपातलेही उठणार हे दिसू लागले. एसएएसचे प्रमुख यान कार्लसोन यांचा ठाम समज असा होता की युरोपात मोजक्याच मोठ्या कंपन्या तगतील. बेल्जियमच्या सबेनाशी बोलणी फिसकटली, ब्रिटिश कॅलेडोनियन १९८७ मध्ये ब्रिटिश एअरवेजने नेली. मग १९८८ मध्ये एसएएसने कॉन्टिनेंटलची मालक असलेल्या टेक्सास एअरशी करार केला, भांडवल घातले आणि न्यूयॉर्कची उड्डाणे केनेडी विमानतळावरून नेवार्कला हलवली, कारण कॉन्टिनेंटलचा हब, म्हणजे प्रवासी विमान बदलून पुढे जातात तो मुख्य तळ, तिथे होता. १९९० च्या डिसेंबरमध्ये कॉन्टिनेंटल दिवाळखोरीत गेली आणि गुंतवणूक बुडाली. नेवार्क मात्र राहिले. गंमत अशी की २००४ ते २००९ या काळात कॉन्टिनेंटल स्कायटीममध्ये होती आणि स्टारची संस्थापक एसएएस तिच्याच अंगणात उतरत होती. २००९ मध्ये कॉन्टिनेंटल स्टारमध्ये आली, २०१० मध्ये युनायटेडमध्ये विलीन झाली आणि १९८८ ची ती चाल बावीस वर्षांनी योगायोगाने जुळली.

मधल्या काळातली अल्काझार योजना या साऱ्या विषयाची किल्ली आहे. १९९३ मध्ये केएलएम, एसएएस, स्विसएअर आणि ऑस्ट्रियन एकत्र येऊन एकच कंपनी करणार होत्या. पहिल्या तिघांचे ३० टक्के, ऑस्ट्रियनचे १०. मालकी, मुख्यालय, नोकऱ्या अशा अवघड गाठी बऱ्याच सुटल्या होत्या. बोलणी अडली ती अमेरिकी जोडीदारावर. केएलएमचे भांडवल नॉर्थवेस्टमध्ये होते, स्विसएअरचे संबंध डेल्टाशी. दोन अमेरिकी कंपन्या एकत्र चालणार नव्हत्या आणि कोणीही आपली सोडायला तयार नव्हते. नोव्हेंबर १९९३ मध्ये योजना मोडली. त्याआधीच, १९९२ मध्ये, नेदरलँड्सने अमेरिकेशी पहिला मुक्त आकाश करार, म्हणजे दोन्हीकडच्या कंपन्यांना मार्ग आणि फेऱ्या ठरवण्याची मोकळीक देणारा करार, केला होता आणि १९९३ च्या जानेवारीत केएलएम-नॉर्थवेस्टला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाली होती. ही सूट म्हणजे दोन स्पर्धकांनी भाडी, वेळा आणि जागा एकत्र ठरवण्याची कायदेशीर मुभा. हातात असा परवाना असताना केएलएम नॉर्थवेस्टला सोडेल ही अपेक्षाच भाबडी होती.

एसएएस मग लुफ्तान्साकडे वळली. १९९५ मध्ये करार झाला, त्याच वर्षी स्कँडिनेव्हियन देशांनीही अमेरिकेशी मुक्त आकाश करार केले आणि १९९६ मध्ये युनायटेड-लुफ्तान्सा-एसएएस या त्रिकुटाला सूट मिळाली. १४ मे १९९७ ला एअर कॅनडा, लुफ्तान्सा, एसएएस, थाई आणि युनायटेड यांनी स्टार अलायन्स जाहीर केली. वनवर्ल्ड ही प्रतिस्पर्धी आघाडी १९९९ मध्ये सुरू झाली, स्कायटीम २००० मध्ये.

त्यानंतरचा एसएएसचा अमेरिकेचा नकाशा समोर ठेवला तर तो युनायटेडच्या हबांची यादीच वाटतो: नेवार्क, शिकागो, वॉशिंग्टन डलेस, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस. बोस्टन आणि मायामी हे अपवाद, जिथे स्थानिक मागणीच पुरेशी आहे. सिएटलचा मार्ग २००९ मध्ये बंद झाला. तिथे युनायटेडचा हब नव्हता. २०१४ मध्ये तर नॉर्वेच्या स्टावांगरहून ह्यूस्टनला फक्त ४४ बिझनेस जागांचे बोइंग ७३७ सुरू केले. दोन्ही टोकांना तेलकंपन्या, त्यात ह्यूस्टन युनायटेडचा हब. पण तेलाचे भाव कोसळले आणि २०१५ मध्ये मार्ग गुंडाळावा लागला. जोडीदाराचा हब असला की मार्ग उघडायला कारण मिळते. मूळ मागणीच आटली तर तोही काही करू शकत नाही.

तरी स्टारमधली एसएएसची जागा हळूहळू बाहेरच्या ओसरीवर गेली. लुफ्तान्सा, युनायटेड आणि एअर कॅनडा यांनी अटलांटिकवर पूर्ण महसूल-वाटपाचा संयुक्त व्यवसाय उभारला. त्यात प्रवासी कोणाच्याही विमानात बसला तरी पैसा सामाईक पेटीत जातो. त्यामुळे स्टॉकहोमचा प्रवासी फ्रँकफर्टमार्गे शिकागोला गेला तर युनायटेडला पेटीतून वाटा मिळतो, कोपनहेगनमार्गे एसएएसने गेला तर मिळत नाही. स्विस, ऑस्ट्रियन आणि ब्रुसेल्स लुफ्तान्सा समूहात असल्याने त्या पेटीच्या आत होत्या. संस्थापक एसएएस बाहेर. विमानावर आघाडीचे चिन्ह रंगवलेले असणे वेगळे आणि महसुलात वाटा असणे वेगळे. याचे उलटे उदाहरण आयर्लंडच्या एअर लिंगसचे: ती २००७ मध्ये वनवर्ल्डमधून बाहेर पडली, २०१५ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या मूळ समूहाने विकत घेतली, पुन्हा कोणत्याही आघाडीत गेली नाही, तरी अमेरिकन आणि ब्रिटिश एअरवेजच्या अटलांटिक संयुक्त व्यवसायात तिला घेतले गेले. लांब पल्ल्याच्या दृष्टीने या दोघींत कोण अधिक बरी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

स्वित्झर्लंडचा धडा अधिक कडू होता. स्विसएअरने सबेनासारख्या दुबळ्या कंपन्यांत हिस्से घेऊन स्वतःची क्वालिफ्लायर आघाडी बांधली आणि २ ऑक्टोबर २००१ ला पैशाअभावी तिची विमाने जमिनीवर उभी राहिली. नंतरच्या स्विस कंपनीने वनवर्ल्डशी बोलणी केली, पण नियमित प्रवाशांसाठीची आपली पॉइंट-योजना ब्रिटिश एअरवेजच्या योजनेत मिसळण्याची अट तिला पटली नाही. २००५ मध्ये लुफ्तान्साने ती घेतली. फिनएअरने वनवर्ल्डमध्ये राहून हेलसिंकीहून सायबेरियावरून आशियाचा छोटा रस्ता विकला आणि जपान एअरलाइन्सबरोबर महसूल वाटला. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश बंद झाले, टोकियोचा प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेला. तेव्हा वनवर्ल्डमधल्याच कतार एअरवेजसाठी दोहाची उड्डाणे करून तिने रिकामी झालेली विमाने कामाला लावली.

एसएएसवर त्याच वर्षी संकट आले. वैमानिकांचा संप सुरू असतानाच ५ जुलै २०२२ ला तिने न्यूयॉर्कच्या न्यायालयात चॅप्टर ११ अर्ज, म्हणजे अमेरिकी दिवाळखोरी कायद्याखाली पुनर्रचनेचा अर्ज, केला. ३ ऑक्टोबर २०२३ ला नवे गुंतवणूकदार जाहीर झाले: कॅसललेक, डॅनिश सरकार, लिंड इन्व्हेस्ट, आणि १९.९ टक्क्यांसह स्कायटीममधली एअर फ्रान्स-केएलएम. आघाडी बदलणार हे त्या क्षणीच ठरले. स्वीडनच्या सरकारचे जुने भाग शून्य झाले, नॉर्वे आधीच बाहेर पडला होता. तीन देशांपैकी एकटा डेन्मार्क मालक राहिल्यावर लांब पल्ल्याची विमाने कोपनहेगनमध्ये एकवटणे ओघानेच आले.

नकाशा लगेच सरकला. जून २०२४ मध्ये, स्कायटीममध्ये जाण्याआधीच, कोपनहेगन-अटलांटा सुरू झाले. अटलांटा हा स्कायटीममधल्या डेल्टाचा सर्वांत मोठा हब. २०२५ मध्ये सिएटल परत आले, डेल्टाने स्वतः मिनियापोलिस-कोपनहेगन सुरू केले, आणि कोरियन एअरच्या सोलचा मार्ग उघडला. बँकॉकला आता थाईचा आधार नाही, म्हणून हिवाळ्यात स्वतःचे विमान.

अशा स्थलांतरात अडचणी ठरलेल्या असतात. जुन्या कोडशेअरवर, म्हणजे एकीचे उड्डाण दुसरीच्या क्रमांकाने विकण्याच्या करारावर, आधीच विकलेली तिकिटे नव्या तारखेनंतरही पाळावी लागतात. नेवार्क, शिकागो आणि डलेसला उतरलेल्या प्रवाशाला पुढे नेणारा मित्र उरत नाही, कारण तिथे डेल्टाचा हब नाही. ती उड्डाणे स्थानिक मागणीवर तगवायची, केनेडीकडे वळवायची की कमी करायची, हे मार्गागणिक ठरवावे लागते. आणि व्यावसायिक प्रवासी आपले गोल्ड कार्ड घेऊन लुफ्तान्साकडे जाऊ शकतो. त्याला थोपवायला एसएएसने युरोबोनस या आपल्या पॉइंट-योजनेचे गोल्ड थेट स्कायटीमच्या एलिट प्लस दर्जाला जोडले आणि २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत स्कायटीमच्या १५ कंपन्यांनी उडणाऱ्याला १० लाख पॉइंट देऊ केले. जाहिरात म्हणून ती नक्कीच चालली.

मुंबईच्या प्रवाशाला हा खेळ अनोळखी नाही. जेट एअरवेजने २००७ मध्ये ब्रुसेल्सला हब करून मुंबई-ब्रुसेल्स-नेवार्क सुरू केले आणि २०१६ च्या मार्चमध्ये तो हब अ‍ॅमस्टरडॅमला नेला, कारण तिथे केएलएम आणि डेल्टा होत्या. तसेच २०१४ पासून स्टारमध्ये असलेल्या एअर इंडियाच्या खात्यात एसएएसच्या उड्डाणाचे पॉइंट आघाडीमार्फत जमा होत असत. १ सप्टेंबर २०२४ पासून तो रस्ता बंद झाला आहे.

जुलै २०२५ मध्ये एअर फ्रान्स-केएलएमने कॅसललेक आणि लिंड यांचे भाग घेऊन एसएएसमधला हिस्सा ६०.५ टक्क्यांवर नेण्याची योजना जाहीर केली. डॅनिश सरकार सुमारे २६ टक्के राखणार आहे. पण स्कायटीमचे सदस्यत्व म्हणजे एअर फ्रान्स-केएलएम, डेल्टा आणि व्हर्जिन अटलांटिकच्या महसूल-वाटपात आपोआप प्रवेश नव्हे. त्यासाठी वेगळा करार आणि अमेरिकी परिवहन खात्याची मंजुरी लागते. शिवाय पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅम हे दोन मोठे हब त्याच घरात आहेत, आणि अ‍ॅमस्टरडॅम कोपनहेगनपासून विमानाने जेमतेम दीड तासावर.