बिसीच आणि एन्ट्रीट एकच नाहीत हो

परवा एका ओळखीच्या पोरानं भाषांतराचा मसुदा तपासायला पाठवला. उतारा जुन्या इंग्रजी बायबलमधला, म्हणजे १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीतला, ख्रिस्ताचा प्रचार करणाऱ्या पौलाला कैदी करून जहाजानं रोमला नेतायत तो. त्यात पठ्ठ्यानं लिहिलेलं, "ज्युलियसने पौलाला अदबीने विनवले आणि मित्रांकडे जाण्याची मोकळीक दिली." आता हा ज्युलियस म्हणजे रोमन फौजेतला शतपती, पौल त्याच्या ताब्यातला कैदी, मग कोण कुणाला विनवणार? पण त्याला तरी किती बोलणार, मूळ इंग्रजीत 'कर्टियसली एन्ट्रीटेड' आहे, आणि आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक सिनोनिमच्या यादीत बिसीच, एन्ट्रीट, इम्प्लोअर, बेग अशी चौघांची मोळी बांधून बाजूला एकच अर्थ ठोकलेला असतो, 'विनवणे'. पोरं ते पाठ करतात, मार्क मिळवतात आणि मग जुनं काही वाचायला घेतलं की तोंडावर आपटतात.

बिसीच तुम्हाला माहीत असतो त्यामुळे तो पटकन उरकतो. सीक म्हणजे शोधणे, त्याला पुढं 'बी' जोडला की बिसीच. मग शेवटी क च्या जागी च कसा? तर इंग्लंडच्या दक्षिणेकडं सीक ला 'सीच' म्हणायचे आणि उत्तरेकडं 'सीक', साध्या क्रियापदात उत्तरेचा क जिंकला, बिसीचमध्ये दक्षिणेचा च राहून गेला, बास. भूतकाळ सीकचा सॉट तसा याचा बिसॉट. बिसीच्ड पण चालतं, वापरणारे शेकडो वर्षं वापरतायत, पण माझ्या कानाला ते 'मी केलेलो' सारखं लागतं, मी बिसॉटच लिहिणार. आणि शोधण्यावरून मागण्यावर येणं यात इंग्रजांचं काही विशेष नाही, आपलं 'मागणे' सुद्धा संस्कृतातल्या मार्ग् धातूवरून आलंय आणि त्याचा अर्थ शोधणे हाच. पुण्यात जर्मनचे क्लास लावलेल्यांनी बेझूखन शिकलेलं असतं, भेट द्यायला जाणे, तो पण याच घरातला. कुणाला तरी शोधत त्याच्या दारापर्यंत जायचं, मग कुणी नुसतं भेटून येतं, कुणी काहीतरी मागतं.

एक मात्र उरकता येत नाही. बिसीच म्हणजे गयावया, हातापाया पडणे, पदर पसरणे असं जे लोक धरून चालतात ते मला अजिबात मान्य नाही. बिसीच करणारा लहानच असतो असं काही नाही. पौल आपल्या मित्राला, फिलेमोनाला, पत्रात सरळ म्हणतो की मी तुला हुकूम करू शकलो असतो, पण प्रेमापोटी बिसीच करतो. म्हणजे ज्याला हुकमाचा अधिकार आहे तो हुकूम बाजूला ठेवून विनवतोय. याहून भारी उदाहरण इंग्रज सेनापती क्रॉमवेलचं. १६५० सालची गोष्ट, स्कॉटलंडनं आदल्याच वर्षी दुसऱ्या चार्ल्सला राजा म्हणून जाहीर केलेलं, क्रॉमवेल फौज घेऊन त्यांच्या मुलखात शिरलेला, आणि ३ ऑगस्टला तो तिथल्या चर्चच्या महासभेला पत्र लिहितो की ख्रिस्ताच्या आतड्यांची आण घालून तुम्हाला बिसीच करतो, तुमचं चुकत असेल ही शक्यता तरी मनात आणा. त्यांनी काही आणली नाही, आणि बरोबर महिन्यानं, ३ सप्टेंबरला, डनबारला यानं त्यांची पार दाणादाण उडवली. आता हा माणूस गयावया करत होता असं कोण म्हणेल. (आतडी वाचून इंग्रज पोरं हसतात, त्यांना तळटीप लागते. आपल्याला कशाला लागेल, आपलं आतडं रोज तुटतं, पोटात रोज कालवतं. माया आतड्यात राहते हे आपण अजून विसरलेलो नाही.)

तर बिसीच म्हणजे विनवणे, त्यात कळकळ हवीच, लाचारी असेल नसेल. देवासमोर पण हाच शब्द, इंग्लंडच्या चर्चमध्ये १५४४ पासून इंग्रजीत म्हटली जाणारी लिटनी नावाची प्रार्थना आहे, पुढचा माणूस एकेक मागणं सांगतो आणि मागून सगळे आरतीच्या धृपदासारखं परत परत म्हणतात, हे प्रभो आमचं ऐक, आम्ही तुला बिसीच करतो.

आता एन्ट्रीट. खरा घोळ इथं आहे.

यात ट्रीट आहे. इतकं डोळ्यासमोर असून लोकांना दिसत नाही, कारण यादीत पाठ केलेला शब्द कुणी फोडून बघत नाही. जुन्या फ्रेंचमधून आलेला, ट्रीट, ट्रीटमेंट, ट्रीटी, सगळी भावंडं. मुळात एन्ट्रीट म्हणजे वागवणे, एखाद्याशी कसं वागायचं ते. मग बोलणी करणे, तह करताना दोन बाजू बसून करतात तशी. आणि बोलणी करता करता समोरच्याला वळवणे, मनवणे, आणि तिथून विनवणे. म्हणजे बिसीच निघाला शोधण्यापासून आणि हा निघाला वागवण्यापासून, दोघं येऊन भेटले विनवण्याच्या चौकात, आणि आपण समजतो ते जन्मापासून एकत्रच होते.

किंग जेम्सवाल्यांच्या वेळी एन्ट्रीटचा जुना अर्थ अजून जिवंत होता. म्हणून ज्युलियसनं पौलाला 'कर्टियसली एन्ट्रीट' केलं म्हणजे चांगलं वागवलं, माणुसकीनं वागवलं. सिदोन बंदरात जहाज लागल्यावर म्हणाला जा, मित्रांना भेटून ये, खाऊनपिऊन ये. विनवण्याचा काही संबंधच नाही! तसंच सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतला स्तेफन भाषण करताना म्हणतो की मिसरच्या राजानं आमच्या बापजाद्यांना 'ईव्हिल एन्ट्रीटेड', म्हणजे वाईट वागवलं, छळलं. पाठ करून आलेला माणूस तिथं काय वाचणार, दुष्ट विनवणी?

आणि हे परवडलं म्हणायची वेळ पुढं येते. एज्राच्या पुस्तकात आठव्या अध्यायात एक ओळ आहे, अहवा नदीकाठी बाबेलहून परत निघालेले यहुदी जमलेत, पुढं यरुशलेमचा लांबचा रस्ता, वाटेत शत्रू, आणि त्यांच्या पुढाऱ्याला, एज्राला, राजाकडं शिपाई मागायची लाज वाटते कारण आधी त्यानंच राजाला सांगून ठेवलंय की आमचा देव आम्हाला सांभाळतो. मग काय, उपास केला आणि देवाला बिसॉट केलं, 'अँड ही वॉज एन्ट्रीटेड ऑफ अस'. दोन्ही शब्द एकाच ओळीत! या ओळीचं भाषांतर मी "आम्ही देवाला विनवले आणि तो आमच्याकडून विनवला गेला" असं वाचलेलं आहे, छापलेलं नाही, मसुद्यात, पण वाचलंय. म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितली? एज्राला वेळ जात नव्हता काय?

तसं नाही. 'वॉज एन्ट्रीटेड' म्हणजे वळला, मनवला गेला, ऐकलं त्यानं. मराठीत याला इतका नेमका शब्द आहे की मला इंग्रजांची कीव येते, देव पावला. आम्ही विनवलं आणि देव पावला. नवस बोलणं वेगळं आणि नवस पावणं वेगळं हे आपल्याकडं शेंबड्या पोराला कळतं. इंग्रजीत मात्र तेच क्रियापद, बोलणाऱ्याच्या बाजूनं लावलं की नवस बोलला आणि 'वॉज' लावून देवाच्या बाजूनं फिरवलं की नवस पावला. उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात इसहाक आपल्या बायकोसाठी देवाला एन्ट्रीट करतो, तिला मूल होत नसतं, आणि लगेच देव 'वॉज एन्ट्रीटेड ऑफ हिम' आणि रिबेका गरोदर राहते. एकाच वाक्यात दोन्ही बाजू, आधी साकडं घातलं मग पावला. आणि हे बिसीचला जमत नाही. 'ही वॉज बिसॉट' म्हणजे त्याला विनवलं एवढंच, ऐकलं का नाही ते अधांतरी. एन्ट्रीटच्या पोटात ते वळवणं मुळापासून होतं म्हणून त्यालाच हे जमतं. याकोबाच्या पत्रात वरून येणाऱ्या ज्ञानाचं वर्णन आहे, 'ईझी टु बी एन्ट्रीटेड', म्हणजे ज्याला सहज विनवता येतं असलं काही नाही हो, समजूत घातली की पटकन ऐकणारं, हेका न धरणारं.

त्यामुळे एन्ट्रीट विनवण्याच्या अर्थानं आला तरी मी तिथं 'विनवणे' लिहीत नाही, ते बिसीचला ठेवतो. एन्ट्रीटला मनधरणी. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा परत आलाय, घरात जेवणावळ आणि नाचगाणं चाललंय, थोरला शेतावरून येतो, काय चाललंय ते कळतं आणि रुसून बाहेरच उभा राहतो. मग बाप बाहेर येतो आणि त्याला एन्ट्रीट करतो. बाप काय थोरल्याच्या पाया पडतो? चल रे, आत चल, असं नको करू, हे जे आपल्याकडं लग्नात रुसलेल्या काकांपाशी जाऊन कुणीतरी करतं ते. मनधरणीच ती. याचना लिहिणाऱ्याला मी तरी मसुदा परत पाठवतो.

स्पेलिंगचं पण एक बघून ठेवा, विनवणीचा एन्ट्रीट त्या बायबलच्या बऱ्याच छापील प्रतींत आय नं सुरू होतो आणि वागवण्याचा ई नं, पण आधुनिक इंग्रजीत दोघं ई वर येऊन बसलेत आणि वागवण्याचा अर्थ तर मेलाच, त्यामुळे यावर फार विसंबू नका. आणि बिसीचला बिसीज समजणारे पण भेटतात, तो किल्ल्याला वेढा घालण्याचा, फ्रेंच घरातला, याचा त्याचा काही संबंध नाही.

जाता जाता, ऑफिसात रजेच्या मेलमध्ये 'आय बिसीच यू' लिहू नका राव. दोन दिवस गावाला जायचंय, रिक्वेस्ट लिहा, सुट्टी मिळेल. बिसीच टाकला की मॅनेजरला वाटतं घरी कुणाचं तरी काहीतरी झालंय.

त्या पोराला हे सगळं फोनवर सांगितलं, तासभर. हो सर, कळलं सर. आठवड्यानं पुढचा मसुदा आला. एज्राच्या ओळीत 'पावला' व्यवस्थित लिहिलेलं, बरं वाटलं. मग निर्गमाचं पान उलटलं, तिथं मोशे देवाला विचारतो की तू या लोकांना इतकं 'ईव्हिल एन्ट्रीट' का केलंस, आणि खाली पोरानं लिहिलंय, "प्रभो, या लोकांची तू इतकी वाईट मनधरणी का केलीस?"