झाकण उघडता येणारं सॉफ्टवेअर

कॅरन सँडलर या व्यवसायाने वकील. त्यांच्या हृदयाचा स्नायू प्रमाणाबाहेर जाड आहे आणि असं हृदय अचानक थांबण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांच्या छातीत एक छोटं यंत्र बसवलं गेलं. ठोके जिवावर बेतण्याइतके बिघडले, की हे यंत्र विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणतं. झटका कधी द्यायचा हे ठरवतो त्यातला प्रोग्राम. सँडलर यांनी यंत्र बनवणाऱ्यांना विचारलं, हा प्रोग्राम मला वाचायला मिळेल का? उत्तर नकारार्थी आलं.

पुढे त्या गरोदर राहिल्या. गरोदरपणात छातीत धडधडणं, ठोके वाढणं हे बऱ्याच जणींना होतं. यंत्राला मात्र तो प्राणघातक बिघाड वाटला आणि गरज नसताना त्याने झटके दिले. यंत्राची समजूत दुरुस्त करायचा मार्ग नव्हता, म्हणून औषधं देऊन हृदयाचीच गती कमी करावी लागली. अशी यंत्रं बहुतेक वयस्कर माणसांना बसवतात. गरोदर बाईचं हृदय कसं वागेल याचा विचार ती बनवताना फारसा झालाच नव्हता. सँडलर पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतल्या एक प्रमुख कार्यकर्त्या झाल्या, त्यात नवल नाही.

स्वतःच्या छातीत चालणारा प्रोग्राम वाचता येत नाही म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घेऊ. प्रोग्रामर जे लिहितो ते माणसाला वाचता येतं. समजा त्यात एक ओळ आहे : ‘ठोके मिनिटाला १८० च्या वर गेले, तर झटका दे.’ (आकडा मी उदाहरणापुरता घेतलाय.) आणि शेजारी प्रोग्रामरने टीप लिहून ठेवलीय की १८० हा आकडा अमुक वयाच्या रुग्णांच्या चाचण्यांवरून घेतला आहे. हा झाला सोर्स कोड. प्रोसेसरला यातलं काही कळत नाही, त्याला आकड्यांच्या रूपातल्या आज्ञा लागतात. म्हणून कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम सोर्स कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. या रूपांतरात १८० उरतो, पण तो कशाचा आणि का, हे उरत नाही. नावं पुसली जातात, टिपा तर सर्वांत आधी गळतात. आपण जे सॉफ्टवेअर विकत घेतो किंवा उतरवून घेतो, त्यात बहुतेक वेळा फक्त हे रूपांतर आपल्या हाती येतं. त्यावरून मूळ कोडचा अंदाज बांधणारे तज्ज्ञ असतात, पण ते काम भयंकर किचकट आहे आणि पुष्कळ परवान्यांमध्ये त्याला मनाईच असते.

सोर्स कोड सगळ्यांना खुला, आणि तो वापरण्याची, बदलण्याची, वाटण्याची परवानगी लेखी दिलेली, असं जे सॉफ्टवेअर असतं ते मुक्त सॉफ्टवेअर. इंग्रजीत याला ‘फ्री’ म्हणतात आणि तिथे कायमचा घोळ होतो, कारण त्या भाषेत ‘फ्री’ म्हणजे फुकटही आणि स्वतंत्रही. हा घोळ टाळायला तिकडच्या लोकांनी ‘लिब्रे’ हा शब्द उसना आणला. मराठीत मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं. आपल्याला उसनवारीची गरजच नाही. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकता येतं, त्यावर मोठमोठ्या कंपन्या चालतात. उलट मोफत मिळणारी कितीतरी ॲप्स अजिबात मुक्त नसतात. ‘पैसे वाचतात’ हा फायदा खरा आहे, पण लोक सगळ्यात आधी तोच सांगतात आणि तिथेच थांबतात, याचं मला वाईट वाटतं.

ही कल्पना रुजवली रिचर्ड स्टॉलमन यांनी. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत ते काम करत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर तसा निरोप यावा, अशी सोय त्यांनी प्रोग्राममध्ये बदल करून केली होती. मग नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड आला नाही. कागद अडकतच होता. दुरुस्ती माहीत असूनही ती करता येत नव्हती. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ‘ग्नू’ या संपूर्ण मुक्त संगणक प्रणालीची घोषणा केली. १९८९ मध्ये आलेला त्यांचा जीपीएल परवाना तर मला त्यांच्या कोडपेक्षाही मोठी कामगिरी वाटते. कॉपीराइटचा कायदा एरवी ‘नक्कल करू नका’ म्हणायला वापरतात. स्टॉलमन यांनी त्याच कायद्याच्या आधारे अट घातली : नक्कल करा, बदला, वाटा, मात्र वाटाल तेव्हा पुढच्यालाही हेच हक्क आणि सोर्स कोड द्या. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स हा प्रणालीचा गाभा लिहिला आणि लवकरच तो याच परवान्याखाली आणला. ‘ओपन सोर्स’ हे नाव त्यानंतरचं, १९९८ चं. स्टॉलमन यांचा भर हक्कावर, ओपन सोर्सवाल्यांचा भर कामाच्या उत्तम पद्धतीवर. सॉफ्टवेअर मात्र बरंचसं तेच.

आता एक अगदी जवळचं उदाहरण. ‘कि’ टाइप करताना आपण आधी क दाबतो, मग ऱ्हस्व वेलांटी. संगणकही त्याच क्रमाने ते साठवतो. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी यायला हवी. किंवा ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ घ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो आडवी चंद्रकोर होऊन य ला चिकटतो. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज पडत नाही, मराठीला आणि नेपाळीला पडते. हे सगळे नियम कुणीतरी कोडमध्ये लिहिल्याशिवाय पडद्यावर दिसत नाहीत. हे काम करणाऱ्या एका प्रमुख प्रोग्रामचं नाव आहे हार्फबझ. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे उघडं. तो मुक्त आहे आणि फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस हा मुक्त ऑफिस संच, हे सगळे तोच वापरतात. त्यामुळे एखाद्या लिपीतली चूक एका ठिकाणी दुरुस्त झाली, की ती दुरुस्ती या सगळ्यांपर्यंत पोचते. ज्या लिपीत लिहिणारे मूठभर, तिच्यासाठी वेळ खर्च करणं एखाद्या कंपनीला परवडत नसेल. पण ती लिपी जाणणारा एखादा प्रोग्रामर नियम लिहून पाठवू शकतो. बंद सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या हातात फक्त विनंती करणं उरतं.

सुरक्षिततेबद्दल मात्र जपून बोललं पाहिजे. ‘कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे चुका लगेच सापडतात’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. इंटरनेटवरचा मजकूर कूटबद्ध करणारी ओपनएसएसएल नावाची मुक्त लायब्ररी (म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) असंख्य सर्व्हर वापरतात. तिच्यात दोन संगणकांनी एकमेकांना ‘जागा आहेस ना?’ असं विचारण्याची सोय आहे. विचारणारा एक शब्द पाठवतो आणि त्याची लांबी सांगतो. पलीकडच्याने तोच शब्द परत पाठवायचा. २०१२ मध्ये आलेल्या आवृत्तीत सांगितलेली लांबी खरी आहे का हे तपासणंच राहून गेलं. चार अक्षरं पाठवून ‘चौसष्ट हजार आहेत’ असं खोटं सांगितलं, की सर्व्हर त्या चार अक्षरांच्या पुढे स्मृतीत जे काही पडलेलं असेल तेही देऊन मोकळा व्हायचा. त्यात कुणाचे पासवर्ड असत, कधी गुप्त किल्ल्याही. ‘हार्टब्लीड’ नावाने ही चूक एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाली. तोपर्यंत दोन वर्षं ती सगळ्या जगासमोर उघडी होती. बघता सगळ्यांना येत होतं, बघत फारसं कुणी नव्हतं. एवढा मोठा डोलारा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं सांभाळत होती. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी अशा पायाभूत प्रकल्पांसाठी एकत्र निधी उभा केला. तो आधीच करायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

दहा वर्षांनी उलट बाजू दिसली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे प्रोग्रामर एका डेटाबेसचा वेग मोजत होते. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी वापरतात तो एसएसएच प्रोग्राम नेहमीपेक्षा जास्त प्रोसेसर खातोय आणि प्रवेशाला साधारण अर्धा सेकंद उगाच जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. अर्धा सेकंद! त्यांनी माग काढायला सुरुवात केली आणि तो पोचला एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीपर्यंत. तिच्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोनेक वर्षं खपून, चांगलं काम करून, थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता. घातक भाग चाचणीच्या फायलींमध्ये दडवला होता आणि तो जागा करणारी ओळ फक्त वाटपाच्या पॅकेजमध्ये होती. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी सगळं जाहीर केलं. दोष असलेल्या आवृत्त्या तोवर बहुतांशी लिनक्सच्या चाचणी शाखांमध्येच पोचल्या होत्या, त्यामुळे मोठा अनर्थ टळला.

खुलेपणा आपोआप संरक्षण देत नाही, हे या प्रसंगाने दाखवलं. चोरदरवाजा बसवणाऱ्याला थकलेला एकटा सांभाळकर्ता हेच दार सापडलं. पण शंका आलेल्या माणसाला कुणाची परवानगी न घेता तळापर्यंत उतरता आलं, हेही त्याच प्रसंगाने दाखवलं. फ्रॉइंड त्या लायब्ररीच्या गटात नव्हते. झाकण बंद असतं, तर त्यांनी ‘हल्ली जरा हळू चालतंय’ एवढी तक्रार नोंदवली असती.

विज्ञानात तर मला हा प्रश्न सोयीचा नव्हे, पद्धतीचा वाटतो. १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली. ती साध्या कॅमेऱ्याने टिपलेली नव्हती. जगभरातल्या रेडिओ दुर्बिणींच्या अपुऱ्या नोंदींवरून ती गणिताने उभी केली होती. मग ते कडं खरंच आहे, की आपल्या प्रोग्रामने ते ‘पाहिलं’? ही शंका संशोधकांनाही होती, म्हणून चार गटांनी एकमेकांना न सांगता वेगवेगळ्या प्रतिमा बनवून पाहिल्या. नंतर नोंदी आणि प्रतिमा घडवणारा कोडही खुला केला गेला. पायथन, नमपाय, मॅटप्लॉटलिब ही त्यामागची साधनंही मुक्तच. प्रयोगात वापरलेलं रसायन कोणतं हे न सांगणारा शोधनिबंध कुणी छापणार नाही. निष्कर्ष प्रोग्राममधून निघाला असेल, तर प्रोग्रामलाही तोच नियम लागू व्हायला हवा.

नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. महासंगणक एकासारखा दुसरा नसतो. हजारो प्रोसेसर एकमेकांशी कसे बोलतील हे प्रत्येक ठिकाणी वेगळं जुळवावं लागतं, आणि गाभ्यातच हात घालता येत असला तरच ते जमतं. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेलं ‘इंजेन्युइटी’ हे छोटं हेलिकॉप्टरही लिनक्सवर चालत होतं.

आणखी एका फायद्याची किंमत वेळ गेल्यावरच कळते. त्रिमित चित्रं आणि ॲनिमेशन करण्याचं ‘ब्लेंडर’ हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. एरवी अशा वेळी सॉफ्टवेअरही कंपनीबरोबर जातं. ब्लेंडर सुरू करणारे टोन रोसेंडाल यांनी गुंतवणूकदारांना विचारलं, कोड मुक्त करायचे किती घ्याल? एक लाख युरो. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली आणि सात आठवड्यांत रक्कम जमली. ऑक्टोबर २००२ मध्ये कोड जीपीएलखाली आला. आज व्यावसायिक चित्रपटसुद्धा त्यावर बनतात. एकदा मुक्त झालेला कोड कुणाला माघारी घेता येत नाही. मालक बदलला आणि वापरणाऱ्यांना दिशा पटली नाही, तर ते तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडतात; २०१० मध्ये लिब्रेऑफिस असंच जन्मलं.

फायलींचंही तसंच. माझा विद्यार्थिदशेतला एक प्रबंध ज्या प्रोग्राममध्ये लिहिला होता, त्याची नवी आवृत्ती ती फाइल उघडेना. अक्षरं माझी, विचार माझे, पण किल्ली दुसऱ्याकडे. शेवटी ती लिब्रेऑफिसमध्ये उघडली. तळटीपा थोड्या सरकल्या होत्या, मजकूर शाबूत होता. कुणीतरी ते जुनं स्वरूप चिकाटीने उलगडून त्याचा वाचक लिहून ठेवला होता. तेव्हापासून जपून ठेवायचं सगळं मी ओपनडॉक्युमेंट या फाइलच्या खुल्या स्वरूपात ठेवते. ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे आणि त्याचं वर्णन कुणालाही वाचता येतं.

सगळीकडे मुक्त सॉफ्टवेअरच वापरा, असं मी सांगणार नाही. काही व्यवसायांत बंद सॉफ्टवेअरच्या तोडीचा मुक्त पर्याय नाही, काही यंत्रं लिनक्सशी नीट बोलत नाहीत, आणि हाताला बसलेली सवय मोडताना सुरुवातीचे दिवस जड जातात. बदलायचं असेल तर आधी ब्राउझर, मग ऑफिस, आणि प्रणाली सगळ्यात शेवटी, हा क्रम माझ्या अनुभवाचा.

मी प्रोग्रामर नाही. तरी मागे एका मुक्त प्रोग्रामच्या मराठी मेन्यूत एक क्रियापद चुकीचं वाटलं. त्यामुळे ‘पुसा’ आणि ‘काढून ठेवा’ यांतला फरक कळत नव्हता. भाषांतराची फाइल उघडली. साधी मजकुराची फाइल, एका ओळीत इंग्रजी, खालच्या ओळीत मराठी. एक शब्द बदलला आणि कारण लिहून पाठवला. चार दिवसांनी एका अनोळखी माणसाने विचारलं, हाच शब्द आणखी दोन ठिकाणी आहे, तिथेही बदलायचा का? एका ठिकाणी हो म्हटलं, दुसरीकडे आमचा थोडा वाद झाला आणि त्याचं म्हणणं बरोबर निघालं. पुढच्या अपडेटनंतर मेन्यू उघडला, तर तिथे तो शब्द होता.