लवंगेने दातातली कीड मरते का?

दाढेत लवंग धरली की कीड मरते, हा समज पिढ्यानपिढ्या चालत आलाय. मुळात दातात किडा नसतोच. जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लाने दात झिजून खड्डा पडतो. लवंग म्हणजे झाडाची न उमललेली, वाळवलेली कळी. तिच्या तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल नावाचं रसायन असतं. ते नस बधिर करतं, म्हणून ठणका थांबतो. दंतवैद्यही तात्पुरत्या भरणात झिंक ऑक्साइडसोबत तेच वापरतात. पण खड्डा तसाच राहतो, आतून वाढतही जातो. ठणका थांबला म्हणून दवाखाना टाळला की दाढ हातची जाते.

आणि कृपा करून निव्वळ तेलाचा बोळा हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. लहान मुलांपासून तर बाटली लांबच ठेवा. तेल पोटात गेलं तर यकृतावर बेततं.