मृत की बेपत्ता? 1991 मध्ये पडलेल्या हॉर्नेटची पार्श्वभूमी

17 जानेवारी 1991 ही आखाती युद्धाची पहिली रात्र. तांबड्या समुद्रातल्या 'साराटोगा' या अमेरिकी विमानवाहू नौकेवरून निघालेल्या एफ/ए-18 हॉर्नेट लढाऊ विमानांपैकी एक परतले नाही. वैमानिक होता मायकेल स्कॉट स्पायकर. इराकी हवाई संरक्षणाच्या रडारांवर हार्म क्षेपणास्त्रे सोडण्याची कामगिरी त्याच्याकडे होती आणि ते बगदादच्या पश्चिमेला वाळवंटात पडले. त्या युद्धात अमेरिकेने लढाईत गमावलेले हे पहिले विमान.

ते कशाने पडले, हा वाद बराच काळ चालला. सुरुवातीला जमिनीवरून सुटलेल्या क्षेपणास्त्राचे नाव घेतले गेले, पुढे इराकी मिग-25 च्या हवाई माऱ्याकडे कल वाढला. आज मिग-25 चाच दावा भक्कम मानला जातो. पण या घटनेची खरी गुंतागुंत विमानात नाही, वैमानिकाच्या नावापुढे लागलेल्या शब्दात आहे.

सोबतच्या वैमानिकांना आकाशात मोठा स्फोट दिसला होता. नंतर रेडिओवर स्पायकरचा आवाज आला नाही. एवढ्यावरून, युद्धाचा पहिला दिवस संपायच्या आत, एका वैमानिकाचा मृत्यू झाल्याचे पत्रकारांना सांगून टाकले गेले. त्याच्यासाठी शोधमोहीम निघाली नाही. मार्चमध्ये इराकने त्याचे म्हणून काही अवशेष परत केले, पण डीएनए चाचणीत ते त्याचे नसल्याचे निघाले. ज्या मे महिन्यात हे कळले त्याच महिन्यात नौदलाने नोंद पक्की केली: 'युद्धात मृत, देह मिळालेला नाही'. हातात आलेला एकमेव पुरावा खोटा ठरलेला असताना ही नोंद व्हावी, हे मला आजही पटत नाही.

कारण हा शब्द नुसता कागदावर राहत नाही. बेपत्ता सैनिकाचा पगार चालू राहतो, बढतीची पाळी आली की बढती मिळते आणि त्याला शोधणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. मृत म्हटले की खाते बंद होते, उरतो तो फक्त देह शोधण्याचा प्रश्न. आणि देहासाठी जिवंत माणसांचा जीव किती धोक्यात घालायचा, हा हिशेब मग लगेच पुढे येतो.

तसेच घडले. डिसेंबर 1993 मध्ये वाळवंटात शिकारीला गेलेल्या कतारच्या एका पथकाला विमानाचे अवशेष दिसले. त्यांनी काढलेली छायाचित्रे अमेरिकेपर्यंत पोहोचली आणि हेच ते विमान, अशी खात्री पटली. गुपचूप पथक उतरवून जागा तपासण्याची योजनाही तयार झाली. पण जुन्या हाडांपायी नवे जीव जायला नकोत, असे मत 1994 च्या अखेरीस वरच्या पातळीवर पडले आणि रेड क्रॉसमार्फत इराकची परवानगी मागायचे ठरले. परवानगी येऊन पथक प्रत्यक्ष पोहोचेपर्यंत डिसेंबर 1995 उजाडला. तोवर कॉकपिटमध्ये आधीच कोणीतरी उचकापाचक केलेली होती.

तरी तिथे दोन गोष्टी सापडल्या. एक, फ्लाइट सूट. दुसरी, कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण. ते मुख्य सांगाड्यापासून दूर पडले होते. हॉर्नेटमध्ये वैमानिकाने आसनाचा दांडा ओढला की आधी कॅनॉपी उडते आणि मग आसन बाहेर फेकले जाते. झाकण दूर पडलेले असेल, तर विमान जमिनीवर आदळण्यापूर्वीच ते सुटले असण्याची शक्यता मोठी. म्हणजे स्फोट पाहून जो निष्कर्ष काढला होता, त्याचा पायाच हलला.

त्यानंतर नोंद बदलायला आणखी पाच वर्षे लागली. जानेवारी 2001 मध्ये 'मृत'चे 'बेपत्ता' झाले. अशी नोंद उलटी फिरवणे ही फारच दुर्मीळ गोष्ट. ऑक्टोबर 2002 मध्ये त्याहून पुढे जाऊन 'बेपत्ता, पकडला गेलेला' असे लिहिले गेले. तेव्हा इराकवर नवे युद्ध लादण्याची तयारी जोरात होती आणि इराककडे अमेरिकी कैदी असल्याची शक्यता त्या वातावरणात फार सोयीची होती. पुरावा कमी असताना 1991 मध्ये एक शब्द घाईने लावला, 2002 मध्ये दुसरा. 2003 मध्ये बगदाद पडल्यावर तुरुंग धुंडाळले गेले. एका कोठडीच्या भिंतीवर त्याच्या नावाशी जुळणारी आद्याक्षरे दिसली, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही. मार्च 2009 मध्ये 'पकडला गेलेला' हे शब्द काढून नोंद पुन्हा नुसती 'बेपत्ता' करण्यात आली.

जुलै 2009 मध्ये एका इराकी नागरिकाने अनबार प्रांतातल्या अमेरिकी मरीन सैनिकांना सांगितले की, विमान पडले तिथे बेदुइनांना, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या लोकांना, वैमानिक मृतावस्थेत सापडला होता आणि त्यांनीच त्याला पुरले. मरीननी तिथे खणले. मिळालेल्या हाडांत जबड्याचा भाग होता, त्यावरून ऑगस्टच्या सुरुवातीला दातांच्या नोंदींशी ओळख पटली. 1991 चा शब्द अखेर खरा निघाला, पण तो लिहिला तेव्हा तसे कोणालाच ठाऊक नव्हते आणि पाहायलाही कोणी गेले नव्हते. विमान पडले तेव्हा तो लेफ्टनंट कमांडर होता. बेपत्ता म्हणून नोंद असतानाच्या बढत्यांमुळे त्याचे दफन कॅप्टन म्हणून झाले.