पाहून काढल्याने हात बिघडतो?

चित्रकला शिकणाऱ्या मुलांच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं: दुसऱ्याचं पाहून काढू नकोस, स्वतःची शैली येणार नाही. हा गैरसमज आहे आणि त्यापायी कितीतरी मुलं कोऱ्या कागदासमोर प्रेरणेची वाट बघत बसतात.

नाशिककरांनी पुराव्यासाठी पांडवलेणी चढावी. दहा क्रमांकाचं लेणं क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, दान दिलेलं. त्यानंतरचं तीन क्रमांकाचं लेणं सातवाहनांचं, गौतमीपुत्र सातकर्णी राजाच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या, दानाचं. तिसऱ्याच्या कारागिरांनी दहावं बारकाईने पाहिलं होतं, हे खांबांवरून सरळ दिसतं. दहाव्यात खांबाचा माथा घंटेसारखा आहे. तिसऱ्यात तो आखूड होत मडक्याकडे झुकतो. मांडणी तीच, वर प्राण्यांच्या जोड्याही तशाच. पण तिसऱ्यात ओसरीचा भार खांद्यावर पेलणारे धिप्पाड गण आहेत आणि दारावर तोरणासारखं भरगच्च कोरीवकाम आहे. ही त्यांची स्वतःची भर.

डच चित्रकार व्हॅन गॉगनेही 1889-90 मध्ये फ्रेंच चित्रकार मिलेची चित्रं पुन्हा रंगवली. त्याच्यासमोर बहुतेक काळी-पांढरी छापील चित्रं होती. रंग त्याचे स्वतःचे.

मात्र नुसतं गिरवणं वेगळं. एकच खांब निवडा, आधी सावली कुठे तुटते ते बघा, मग काढा. घरी वही मिटून तोच आठवणीतून काढा. जिथे हात अडेल, तिथे बघायचं राहिलंय. पुढच्या रविवारी नेमकं तेच बघायला परत जा. आणि सरावाची नक्कल स्वतःची म्हणून विकू नका, एवढं पथ्य पाळाच.