देशांच्या तब्येतीची तुलना: नोंद कुणाची, खर्च कुणाचा?

१९४६ साली दिल्लीत एका समितीने सरकारला अहवाल दिला. त्यातल्या एका तक्त्यावर माझी नजर दर वेळी अडते. १९३७ साली दर हजार जन्मांमागे किती बाळं वर्षाच्या आत दगावली, एवढंच त्यात देशवार मांडलं आहे. न्यूझीलंड ३१, इंग्लंड आणि वेल्स ५८, ब्रिटिश हिंदुस्थान १६२. आयुर्मानाचंही तेच. न्यूझीलंडच्या मुलाच्या वाट्याला सरासरी ६५ वर्षं, आपल्याकडच्या मुलाच्या वाट्याला सत्तावीसही नाहीत.

समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, पुढे आयसीएस. आपल्या देशाची तब्येत इतर देशांच्या तब्येतीशेजारी ठेवून पाहण्याचं काम एवढ्या गांभीर्याने त्याआधी कुणी केलं नव्हतं. त्या तक्त्यावरून भोर समितीने जो निष्कर्ष काढला तोही साधा होता: पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये.

‘कुठल्या देशात राहणं बरं, कुठली आरोग्यसेवा चांगली’ हा प्रश्न आज घरोघरी निघतो. मुलगी कॅनडाला जाते, भाचा जर्मनीला, आणि मग क्रमवाऱ्या धुंडाळल्या जातात. त्या क्रमवाऱ्या आल्या कुठून, हे बघायला गेलं की दोन धागे हाती लागतात. एक नोंदीचा, दुसरा खर्चाचा. मला वाटतं, कुठल्याही यादीतला पहिला किंवा शंभरावा नंबर वाचण्याआधी हे दोन धागे ओढून बघावेत.

नोंदीचा धागा स्वीडनपर्यंत जातो. तिथे १७४९ पासून चर्चच्या पाद्रींकडून गावोगावचे जन्म, मृत्यू आणि मृत्यूची कारणं गोळा करून देशाचा हिशोब ठेवला जाऊ लागला. इंग्लंडमध्ये १८३७ साली नागरी नोंदणी सुरू झाली आणि दोन वर्षांनी तिथल्या कचेरीत विल्यम फार नावाचा डॉक्टर रुजू झाला. पुढची चाळीस वर्षं तो मृत्यूच्या नोंदी वाचत राहिला. त्याच्या खात्याने काढलेला एक आकडा तेव्हा लोकांना हादरवून गेला: सरे परगण्यात जन्मलेल्याचं सरासरी आयुष्य ४५ वर्षं आणि लिव्हरपूलमध्ये २६. एकच राणी, एकच कायदा, पण मोकळ्या हवेतला माणूस आणि बंदरातल्या कोंदट तळघरात राहणारा माणूस यांच्यात एकोणीस वर्षांचं अंतर. भोर समितीच्या तक्त्यातल्या हिंदुस्थानचं आयुर्मान शंभर वर्षांपूर्वीच्या लिव्हरपूलइतकंच होतं, हे लक्षात आलं की अशी तुलना कशासाठी करायची तेही कळतं. लिव्हरपूल त्या अवस्थेतून बाहेर पडलं होतं, म्हणजे आपल्यालाही पडता येणार होतं.

देशादेशांत तुलना करायची तर आजारांची नावं सारखी हवीत. एकाने ‘ताप’ लिहायचं आणि दुसऱ्याने ‘विषमज्वर’, तर हिशोब जुळायचा कसा? फ्रान्सच्या जाक बर्तियाँने १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक सामायिक यादी मांडली. १९४८ साली स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ती स्वतःकडे घेतली. आज विमा कंपनीच्या क्लेमवर आजाराचा जो कोड असतो, त्याचं मूळ त्या यादीत आहे.

खर्चाचा धागा जास्त भांडणांचा आहे. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला. दोन वाटे कामगाराचे, एक मालकाचा. समाजवाद्यांकडे झुकणारा कामगार आपल्या बाजूला राहावा, हा त्यामागचा हिशोब. हेतू राजकीय होता, पण घडी टिकली. आजही जर्मनीत नोकरीला लागणारा आपला इंजिनिअर ज्या ‘क्रांकनकासं’मध्ये, म्हणजे आरोग्यविम्याच्या निधीत, नाव घालतो, ती तीच परंपरा.

ब्रिटनचा मार्ग निराळा. वेल्समधल्या ट्रेडेगर गावात खाणकामगार पगारातून थोडी वर्गणी काढून गावासाठी डॉक्टर आणि दवाखाना चालवत. त्याच गावातला, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला अन्यूरिन बेव्हन महायुद्धानंतर आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली. पैसा करातून, उपचार सगळ्यांना, काउंटरवर काही द्यायचं नाही. चष्मे आणि कवळ्यांवर आकार लावायचं ठरलं तेव्हा, १९५१ साली, बेव्हनने मंत्रिपद सोडलं. कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस आपल्याला नवलाचा वाटेल, पण त्याच्या दृष्टीने प्रश्न कवळीचा नव्हता. आजारी माणसापुढे पैशाची पेटी ठेवायची की नाही, हा होता.

कॅनडाची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. टॉमी डग्लस नावाचा स्कॉटलंडहून आलेला एक मुलगा. पडून गुडघ्याला जखम झाली आणि ती हाडात चिघळली. घरची गरिबी, त्यामुळे विनिपेगच्या इस्पितळात फुकटच्या वॉर्डात दाखल. पाय कापावा लागेल, असं आईवडिलांना सांगण्यात आलं. तेवढ्यात एका नामांकित सर्जनने त्याला पाहिलं आणि सांगितलं, माझ्या विद्यार्थ्यांना ऑपरेशन बघू देत असाल तर मी पैसे घेणार नाही. पाय वाचला. पुढे सस्कॅचेवान प्रांताचा मुख्यमंत्री झाल्यावर डग्लस हीच गोष्ट सांगायचा. योगायोगाने एक सर्जन तिथून गेला म्हणून माझा पाय वाचला, प्रत्येक पोराचा पाय योगायोगावर सोडायचा का? त्याने आखलेली सरकारी आरोग्यविम्याची योजना १ जुलै १९६२ रोजी लागू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातल्या डॉक्टरांनी संप पुकारला. तो तेवीस दिवस चालला. ब्रिटनमधून डॉक्टर आणावे लागले, पण योजना तगली आणि १९६६ च्या कायद्याने देशभर पोचली.

अमेरिकेत गाडी दुसऱ्या रुळावर गेली, तीही जवळजवळ अपघातानेच. महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. माणसं टिकवायची तर पगाराऐवजी काहीतरी द्यायला हवं, म्हणून कंपन्या आरोग्य विमा देऊ लागल्या. युद्ध संपलं, पण विमा नोकरीला चिकटून राहिला. अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४५ साली सगळ्यांसाठी राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला, तो बारगळला. वीस वर्षांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आली, तेव्हा तिचं पहिलं कार्ड म्हाताऱ्या ट्रूमनना देण्यात आलं. नोकरी गेली की विमाही जातो, ही आपल्या एच-वन-बी व्हिसावाल्यांची धास्ती त्या १९४२ च्या निर्णयापर्यंत मागे जाते.

आता पुन्हा आकड्यांकडे. देश किती श्रीमंत हे मोजायची पद्धत १९३४ साली अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकी सिनेटपुढे ठेवली आणि त्याच अहवालात बजावलं की राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचं भलं झालं की नाही हे सांगता येत नाही. इशारा मागे पडला, आकडा मात्र सगळीकडे पोचला. त्याला पहिला जोरदार पर्याय दिला मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी. हे नाव महाराष्ट्रात अधिक ओळखीचं असायला हवं होतं, कारण हे इतिहासकार गृहस्थ आधी मुंबईच्या कापड गिरण्यांमधल्या कामगारांचा अभ्यास करत होते. १९७९ साली त्यांनी जीवनमानाचा एक निर्देशांक मांडला. त्यात पैसा नावाला नाही. फक्त साक्षरता, बालमृत्यू आणि एक वर्ष पूर्ण केलेल्या मुलाचं अपेक्षित आयुष्य. जन्मापासूनचं आयुष्य न घेता वर्षाच्या मुलाचं का? कारण पहिल्या वर्षातले मृत्यू बालमृत्यूच्या रकान्यात आधीच आलेले असतात, ते दोनदा मोजायला नकोत. या मोजपट्टीवर तेलाच्या पैशाने गडगंज झालेले काही देश खाली घसरले आणि गरीब श्रीलंका वर आली. १९८५ साली रॉकफेलर फाउंडेशनने चीन, कोस्टारिका, श्रीलंका आणि आपलं केरळ यांना एकत्र ठेवून ‘कमी खर्चात चांगलं आरोग्य’ कसं जमलं हे तपासलं. मुलींचं शिक्षण आणि जवळचा सरकारी दवाखाना, ही उत्तरं तिथे पुन्हापुन्हा आली. १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने मानव विकास निर्देशांक काढला. सेन सुरुवातीला नाखूश होते. माणसाचं जगणं एका आकड्यात कसं बसवायचं? हक यांचं म्हणणं असं की उत्पन्नाच्या आकड्याशी झुंजायला तितकाच सुटसुटीत आकडा लागतो. दोघांचंही बरोबर होतं, असं मला वाटतं.

सगळ्यात गाजलेली यादी जागतिक आरोग्य संघटनेची, २००० सालची. १९१ देशांच्या आरोग्यव्यवस्था क्रमाने लावल्या. फ्रान्स पहिला, इटली दुसरा, ओमान आठवा, ब्रिटन अठरावा, अमेरिका सदतिसावी, श्रीलंका शहात्तरावी, भारत एकशे बारावा. माणशी सर्वाधिक खर्च करणारी अमेरिका सदतिसावी, हे वाक्य तिथल्या निवडणुकांत वर्षानुवर्षं फिरलं. यादी कशी बनली हे मात्र फारसं कुणी वाचलं नाही. लोक किती निरोगी आहेत, ते आरोग्य सगळ्यांत सारखं आहे का, रुग्णाशी वागणूक कशी, ती वागणूक सगळ्यांना सारखी मिळते का आणि खर्चाचा भार न्याय्य आहे का, अशा पाच गोष्टींना वजन देऊन बेरीज केली होती आणि देशाच्या खर्चाच्या मानाने ती किती व्हायला हवी होती, याच्याशी ताडून क्रम लावला होता. नुसत्या रुग्णाशी होणाऱ्या वागणुकीत अमेरिकाच पहिली होती. खर्चाच्या न्याय्यतेत ती खूप खाली गेली. शिवाय बऱ्याच देशांकडे आकडेच नव्हते, तिथे अंदाज भरले गेले. टीका इतकी झाली की संघटनेने अशी क्रमवारी पुन्हा काढली नाही.

ब्रिटनचंच बघा. त्या यादीत अठरावा. २०१४ साली अमेरिकेतल्या कॉमनवेल्थ फंड या संस्थेने अकरा श्रीमंत देशांच्या आरोग्यव्यवस्था तपासल्या, त्यात ब्रिटन पहिला. आणि त्याच अहवालात ‘लोक किती निरोगी जगतात’ या एका रकान्यात तो अकरांत दहावा. सेवा मिळते छान, पण माणसं तितकी निरोगी नाहीत, कारण तब्येत दवाखान्याइतकीच घर, जेवण, दारू, सिगारेट आणि पगार यांवरही ठरते. म्हणून ‘राहायला चांगला देश’ आणि ‘आजारी पडायला चांगला देश’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परदेशी चाललेल्या तरुणाने पहिला विचारावा, त्याच्याकडे येऊन राहणाऱ्या आईवडिलांनी दुसरा.

नोंदच थांबली तर काय होतं, हे सोव्हिएत रशियात दिसलं. सगळ्यांना मोफत उपचार देणारी ती व्यवस्था जगाला नमुना म्हणून दाखवली जायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथला बालमृत्यू दर वाढू लागला आणि १९७४ नंतर सरकारने तो आकडा छापणंच बंद केलं. न छापलेल्या आकड्यातच काही अभ्यासकांना त्या देशाची खरी प्रकृती दिसली.

आपल्याकडे कुणी आकडा दडवला नाही, तरी गावपातळीवर तो निसटतच होता. घरी जन्मून चौथ्या दिवशी गेलेलं बाळ कुठल्याच वहीत येत नसे. ना नाव ठेवलेलं, ना दाखला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकारातून २००१ साली आलेल्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने दाखवलं की महाराष्ट्रातले खरे बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. जगाच्या यादीत आपला नंबर कितवा हे सांगणारा आकडा अशाच वह्यांतून वर गेलेला असतो.

आणि खर्च? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून दिला होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. उतार मोठा आहे, पण तेव्हाही शंभरातले जवळपास चाळीस रुपये काउंटरवरच निघत होते. वडिलांना रात्री अकराला एका खाजगी रुग्णालयात नेलं, तेव्हा स्ट्रेचर दारात थांबलं आणि मी डिपॉझिटच्या खिडकीपुढे. कॅशलेसची मंजुरी सकाळी येणार होती. बहिणीने तिच्या कार्डावर, मेहुण्याने फोनवरून, असे करून साठ हजार जमवले. वडील बरे झाले. पण पावती हातात येईपर्यंतची ती वीस मिनिटं मला कुठल्याच निर्देशांकात सापडत नाहीत.

महाराष्ट्राने जगाला या विषयात काही दिलं असेल तर ते क्रमवारीत नाही. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगभरातले जे मोजके प्रयोग नमुना म्हणून मांडले, त्यांत जामखेड होतं. तीनच वर्षांनी सोव्हिएत संघातल्या आल्मा आटा शहरात भरलेल्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला.

गडचिरोलीत बंग दांपत्याने तर तुलनाच वेगळी केली. देशाशी देश नाही, गावांशी गावं. एकाच जिल्ह्यातली ३९ गावं एका बाजूला, शेजारची ४७ दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटात शिकवून तयार केलेली आरोग्यदूत बाई प्रत्येक बाळंतघरी जायची, बाळाचं वजन घ्यायची, श्वास मोजायची, त्याला ऊबदार गुंडाळायची, जंतुसंसर्ग वाटला तर औषध द्यायची. आणि प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू वहीत लिहिला जायचा. सुरुवातीला तिथे हजारी ६२ नवजात बाळं महिन्याच्या आत जात होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ वर आला. शेजारच्या गावांत तो ५९.६ होता. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११ पासून केंद्र सरकारने घरपोच नवजात बालसेवा आशाताईंच्या कामात घातली.

दवाखान्यात बाळंतीण झाली तर तिच्या घरी आशाताईच्या सहा फेऱ्या ठरलेल्या आहेत. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ती झोळीचा काटा हुकाला अडकवते, बाळ झोळीत ठेवते, काटा स्थिर होईपर्यंत थांबते आणि वजन कार्डावर लिहिते.