हवेच्या ठोक्याने फुटणारा मुतखडा

मुतखडा फोडायचा म्हटले की आज सर्वांत आधी लेसरचे नाव घेतले जाते. मात्र मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत, अडकलेला खडा फोडण्यासाठी गेली तीन दशके दाबलेल्या हवेवर चालणारे एक साधे आणि दणकट यंत्रही वापरात आहे. या पद्धतीला न्यूमॅटिक लिथोट्रिप्सी म्हणतात, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधील लोझान येथे विकसित झालेल्या ‘लिथोक्लास्ट’ या यंत्रामुळे ती जगभर पोहोचली. शरीराबाहेरून आघात-लहरी सोडून खडा फोडण्याची पद्धत वेगळी आहे. येथे मूत्रमार्गातून दुर्बीण आत घालून, खड्याला प्रत्यक्ष स्पर्श करून तो फोडला जातो.

यंत्राची रचना रस्ता फोडणाऱ्या हवेच्या हातोड्यासारखीच आहे, फक्त ती अत्यंत लहान केलेली आहे. शल्यविशारद यंत्राची जी मूठ हातात धरतो, तिच्या आत धातूचा एक छोटा ठोकळा असतो. नळीवाटे सुमारे तीन वातावरण दाबाची हवा झटक्याने आली की हा ठोकळा पुढे फेकला जातो आणि एका सडपातळ धातूच्या सळईच्या बुडावर आदळतो. सेकंदाला बारापर्यंत ठोके देता येतात. प्रत्येक ठोक्याला सळईचे टोक जेमतेम एक-दोन मिलिमीटर पुढे सरकते, आणि तेवढ्यानेच खड्याला तडा जातो. मूत्रवाहिनीसाठी वापरायची सळई साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाडीची असते. मूत्रपिंडातील मोठ्या खड्यांसाठी ती त्याहून जाड घेतात.

मूत्रवाहिनीची पोकळी अवघी तीन-चार मिलिमीटरची आणि तिचे अस्तर नाजूक, मग त्याला इजा कशी होत नाही? याचे उत्तर दोन पदार्थांच्या स्वभावात आहे. खडा स्फटिकांचा बनलेला, म्हणून कठीण असला तरी ठिसूळ असतो. अचानक बसलेला ताण त्याला वाकून सोसता येत नाही आणि तो तडकतो. मूत्रवाहिनीची भिंत स्नायूंची आणि लवचिक असल्यामुळे तोच ठोका बसल्यावर किंचित मागे सरते आणि पूर्ववत होते. शिवाय या क्रियेत उष्णता निर्माण होत नाही. पाण्यात विजेची ठिणगी पाडून खडा फोडण्याच्या जुन्या पद्धतीत भिंतीला इजा होण्याचा धोका बराच होता. लेसरचे काम तर मुळात उष्णतेवरच चालते. अर्थात, सळई भिंतीत थेट रुतवली तर छिद्र पडू शकते, म्हणून सगळी भिस्त स्पष्ट दिसण्यावर असते.

शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यानंतर आधी एक पातळ तार खड्याला वळसा घालून वर मूत्रपिंडापर्यंत सरकवली जाते, म्हणजे काही अडचण आली तरी वाट हाती राहते. सळईचे टोक दुर्बिणीच्या पुढे काही मिलिमीटर काढावे लागते, नाहीतर हादऱ्याने भिंगालाच अपाय होतो. टोक खड्यावर अलगद टेकवून पायाने पेडल दाबले की पडद्यावर खड्याची एखादी कड ढासळते, पिवळसर चुऱ्याने धुण्यासाठी आत सोडलेले पाणी गढूळ होते, आणि ते निवळेपर्यंत हात थांबवावा लागतो. ही थांबण्याची शिस्त मला या तंत्राचा गाभा वाटते.

ज्या ठोक्यामुळे खडा फुटतो, त्याच ठोक्यामुळे तो पळतोही, आणि ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. अडकलेल्या खड्याच्या वरची मूत्रवाहिनी लघवी तुंबून बहुधा फुगलेली असते, त्यामुळे त्याला मागे मूत्रपिंडाकडे सरकायला मोकळी वाट मिळते. वरच्या भागातील खड्यांबाबत हा धोका अधिक असतो. त्यावर उपाय म्हणून धुण्याच्या पाण्याचा जोर कमी ठेवतात, टेबलाची डोक्याकडची बाजू उंचावतात, सलग ठोक्यांऐवजी एकेक ठोका देतात किंवा खड्याच्या पलीकडे तारेची जाळी उघडून त्याला अडवतात. तरीही तो मूत्रपिंडात निसटलाच, तर ताठ सळई तेथील वळणांत त्याचा पाठलाग करू शकत नाही. मग लवचिक दुर्बीण आणि लेसरचा बारीक तंतू हवा, किंवा नंतर बाहेरून आघात-लहरी द्याव्या लागतात.

लेसरने खड्याची जवळजवळ भुकटी करता येते, हवेच्या ठोक्याने मात्र तुकडे होतात. मोठे तुकडे चिमट्याने किंवा जाळीने काढतात, बारीक तुकडे लघवीवाटे निघून जातात, आणि सूज असल्यास काही काळासाठी आत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, ठेवला जातो. असे असले तरी, मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातील आणि मूत्राशयातील खड्यांसाठी हे यंत्र जुने म्हणून बाजूला सारणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खडा कितीही कठीण असो, हे यंत्र बहुतेक वेळा तो फोडते. सळया निर्जंतुक करून पुन्हा वापरता येत असल्याने प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्चही कमी राहतो. मूत्रपिंडातील मोठ्या खड्यांसाठी तर हवेचा ठोका आणि श्राव्यातीत कंपने एकाच मुठीत जोडलेली यंत्रेही तयार झाली आहेत: ठोक्याने खड्याचे मोठे तुकडे होतात, कंपनांनी ते बारीक होतात, आणि पोकळ सळईतून चुरा तत्क्षणी बाहेर ओढला जातो.